चूक असल्यास कळवावे

शेवटी ती प्रतिक्रिया आली.

हे वाक्य वाचलं असेल तर विसरून जा, कारण अजून काहीही आलेलं नाही. आज मंगळवार आहे, तासगावात सकाळची वीज जायला थोडा अवकाश आहे, अण्णा कॉटवर मांडी घालून बसलेत आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांना त्यांच्या ब्लॉगच्या पानाच्या तळाशी काय लिहिलंय ते वाचून दाखवतोय. शून्य प्रतिक्रिया.

"परत बघ."

मी परत बघितलं. शून्य होतं तिथंच होतं.

"जवळपासचं पण कुणी न्हाई?"

"शून्यात जवळचं-लांबचं नसतंय, अण्णा."

अण्णा म्हणजे माझे वडील. ते आणि त्यांचे धाकटे भाऊ बापूकाका मिळून सुस्वर साउंड सर्व्हिस चालवायचे. लग्न, बारसं, सभा, कुस्त्या, काहीही असो, तालुक्यात आवाज लागला की आमच्या घरी निरोप यायचा. बापूकाका सरकारी कचेरीत कारकून होते, ते सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी यायचे. खांबावर चढून कर्णे बांधायचं काम त्यांचं. खाली उभं राहून "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणायचं काम अण्णांचं. पुढं डीजे आले, कर्णे माळ्यावर गेले, सर्व्हिस बंद पडली. पण दोघा भावांमधलं बोलणं त्याच्याही आधी बंद पडलं होतं. तालुक्याला आवाज पुरवणारी ही दोन माणसं कित्येक वर्षं एकमेकांशी एक अक्षर बोलली नव्हती.

कारण सगळ्या गावाला माहीत होतं, कारण ते सगळ्या गावानं ऐकलं होतं. कुस्त्यांचा फड होता. बापूकाका मैदानाच्या टोकाच्या खांबावर चढून शेवटचा कर्णा आवळत होते. खाली अण्णा एका गिऱ्हाइकाबरोबर पोहे खात बसलेले. गिऱ्हाइकानं विचारलं, धंदा दोघांचा का? अण्णा म्हणाले, "बापू व्हय? त्यो नुसता वायरी गुंडाळायला. धंदा मी बघतो." माईक चालू होता. बापूकाकांनी ते वाक्य स्वतः बांधलेल्या कर्ण्यातून, कानापासून वीतभर अंतरावर ऐकलं. आवाज एकदम स्वच्छ होता म्हणे. ते खाली उतरले, फड संपेपर्यंत थांबले, सगळ्या वायरी नीट गुंडाळून ठेवल्या, आणि त्यानंतर बोलले नाहीत.

आमचं घर एकच. मध्ये एक भिंत, पुढं सामायिक अंगण. अबोला फक्त पुरुषांचा होता. आई आणि काकू यांच्यात भाजीच्या वाट्यांची ये-जा चालू होती. मी आणि काकांची राजश्री तर एका वर्गात, एका बाकावर वाढलो. अबोल्याचा नियम एकच असतो. जो आधी बोलेल तो हरला. बाकी सगळं चालतं. भावाच्या दाराशी गाय घुसली तर ती हाकलता येते, फक्त गायीशी बोलून.

डिप्लोमा करून मी घरी बसलो होतो, अण्णा माझ्याआधीपासून बसले होते. ते दिवसभर जुन्या आठवणी सांगायचे आणि त्या मलाच ऐकाव्या लागायच्या, म्हणून मी त्यांना ब्लॉग काढून दिला. निदान जगात विभागून जातील. नाव ठेवलं 'कर्णा'. अण्णा सांगायचे, मी टाइप करायचो. सांगायची पद्धत आयुष्यभर माईकपुढं उभ्या राहिलेल्या माणसाची, त्यामुळे लेख जगापुढं जाण्याआधीच भिंतीपलीकडं पोचलेला असायचा. प्रत्येक लेखाच्या शेवटी एकच मजकूर असायचा, आणि तो सांगताना त्यांचा आवाज आणखी चढायचा. "वाचकांनी प्रतिक्रिया द्यावी. चूक असल्यास कळवावे."

कुणीही काही कळवत नव्हतं.

त्याच सुमारास राजश्रीचं लग्न ठरलं. मुलगा पलूसचा, वैशाखातली तारीख, मांडव आमच्याच अंगणात. अंगणात ती हळकुंडं वाळवायला आली होती तेव्हा मी अभिनंदन केलं, तर ती म्हणाली, "अभिनंदन राहू दे. मोठे काका येणारायत का सांग."

"अंगणातच तर आहे लग्न. कुठं जाणार ते?"

"विट्याला. तुझ्या आईकडनं कळलंय मला. त्या दिवशी विट्याच्या दोस्ताकडं जाणार म्हणतायत."

मग तिनं मला अडचण समजावून सांगितली. लांबच्यांना पत्रिका पाठवून भागतं. जवळच्यांना दारात जाऊन, अक्षता देऊन, तोंडानं बोलवावं लागतं. बापूकाकांनी सख्ख्या भावाच्या दारात पत्रिका टाकली तर तो भाऊ लांबचा ठरणार. तोंडानं बोलावलं तर बापूकाका हरणार. आणि बोलावल्याशिवाय अण्णा मांडवात पाऊल टाकणार नाहीत, मग मांडव त्यांच्या उंबऱ्याला टेकलेला का असेना.

"काकू जाईल की आमंत्रणाला," मी म्हणालो.

"बायकांनी बोलावलं तर बायका येतात. काकांना बाबांनीच बोलवाय लागतंय." तिनं हळकुंडं सारखी केली. "मला अक्षता टाकायला ते पाहिजेत, निन्या. लहानपणी माईकवर पहिलं गाणं मला त्यांनी म्हणाय लावलंय. ते विट्याला जाणार असतील तर मी पण पलूसला जात न्हाई."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. राजश्री साध्या आवाजात जे म्हणते ते करते, हे मला बालवाडीपासून माहीत होतं.

पण माझ्या डोक्यात तेव्हा दुसरंच चाललं होतं. अण्णा रोज सकाळी "परत बघ" म्हणायचे आणि रोज खट्टू व्हायचे. मी ठरवलं, आधी हा प्रश्न सोडवू. वडिलांच्या ब्लॉगला प्रतिक्रिया मिळवून देऊ, म्हणजे त्यांचं मन मोठं होईल, आणि मोठ्या मनानं ते न बोलावता लग्नाला येतील. योजना बरी वाटली. बेकार माणसाला सगळ्याच योजना बऱ्या वाटतात.

मी गावभर हिंडून लोकांना प्रतिक्रिया म्हणजे काय ते समजावलं. लोक वाचत होते, त्यात शंका नव्हती. भाजीबाजारात माणसं मला थांबवून कालच्या लेखावर बोलायची. पण हेच खाली लिहा म्हटलं की मागं सरकायची. एकानं विचारलं, लिहिल्यावर सही कुठं करायची? दुसऱ्यानं सांगितलं की अण्णा वयानं मोठे, त्यांच्या लिखाणाखाली आपण लिहिणं शोभत नाही. केशकर्तनालयवाल्या दत्ताभाऊनं तर प्रतिक्रिया द्यायला स्वतः घरी येऊन चहा घेतला, लेख छान आहे म्हणून सांगितलं आणि गेला. त्याच्या मते प्रतिक्रिया देऊन झाली होती.

शेवटी मी भैरवनाथ तरुण मंडळाच्या पोरांना धरलं. ती कामाला लागली. दुसऱ्या दिवशी ब्लॉगच्या खाली प्रतिक्रियांची रांग लागली. 'आदरणीय अण्णांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. शुभेच्छुक : भैरवनाथ तरुण मंडळ व मित्रपरिवार.' वाढदिवस कुणाचाच नव्हता. पण फ्लेक्सशिवाय दुसरं काही त्यांनी कधी लिहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांना लिहिणं म्हणजे तेवढंच माहीत होतं. एकानं 'आमचे प्रेरणास्थान' लिहिलं. एकानं स्वतःचा गॉगल घातलेला फोटो लावून खाली फक्त स्वतःचं नाव टाकलं. सावळजच्या एका गृहस्थानं विचारलं, जत्रेसाठी दोन कर्णे आणि जनरेटर मिळेल का, आणि डिझेल कुणाचं?

मी अभिमानानं अण्णांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "हे कोण हायत?"

"वाचक."

"ह्यातल्या एकानं तरी चूक कळवली का?"

"नाही. सगळ्यांना आवडलंय."

"मग काय उपयोग," अण्णा म्हणाले आणि अंघोळीला गेले.

त्यानंतर ब्लॉग बिघडत गेला. म्हणजे आधी बरा होता असं नाही, पण आता अण्णा चुकीचं सांगायला लागले. त्यांनी सांगितलं की पहिला ॲम्प्लिफायर कोल्हापूरला घेतला. आई आतून म्हणाली, मिरजेला. अण्णा म्हणाले, कोल्हापूर लिही. पुढच्या लेखात देवळामागच्या पिंपळावर कर्णा स्वतः अण्णांनी बांधला. त्या पिंपळावर बापूकाकाच चढले होते, हे आमच्या गल्लीतल्या शेळ्यांनाही माहीत होतं. मग एक अख्खा लेख आला, त्यात बापूकाकांना उंचीची भीती होती. अण्णा हे सांगत असताना भिंतीपलीकडं काहीतरी स्टीलचं जोरात आपटलं.

"बाबा जेवणावरनं उठले," राजश्रीनं नंतर मला सांगितलं. "कागद घेऊन बसले. 'उपरोक्त विषयास अनुसरून' एवढं लिहिलं आणि फाडून टाकलं. म्हणतायत, लिहिलं तर बोलल्यासारखं होईल."

इथं माझी दुसरी योजना सुरू झाली. लिहिणं म्हणजे बोलणं नाही, असं कुणीतरी अधिकारवाणीनं सांगायला हवं होतं. आमच्याकडं अधिकारवाणी एकाच व्यक्तीकडं होती. दोघांची थोरली बहीण, गोदाआत्या. राजश्रीच्या बस्त्याला ती आलीच होती. आम्ही दोघांनी तिला ओसरीवर गाठलं आणि ब्लॉग, प्रतिक्रिया, सगळं सांगितलं. आत्यानं अर्धी सुपारी कातरून होईपर्यंत विचार केला.

"त्यात तोंड हलतंय का?"

"नाही, आत्या. बोटं हलतात."

"मग बोलणं कसलं त्ये. बोटं तर मी वाती करताना पण हलवती."

निकाल आमच्या बाजूनं लागला. राजश्री तो घेऊन भिंतीपलीकडं गेली आणि थोड्या वेळानं पडलेल्या चेहऱ्यानं परत आली. बापूकाकांनी निकाल फेटाळला होता. त्यांचं म्हणणं, तोंडी बोललेलं उद्या नाकारता येतं, लेखी नाकारता येत नाही, म्हणजे लेखी हे बोलण्यापेक्षा वरचं. जे खालचं करायचं नाही, ते वरचं कसं करणार? नोकरीत त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलं होतं. त्यावर नाव न टाकताही लिहिता येतं असं राजश्रीनं सुचवल्यावर ते जास्तच चिडले. निनावी अर्ज केराच्या टोपलीत टाकायचा असतो, एवढं तरी तुला कळायला पाहिजे, म्हणाले.

पत्रिका छापून आल्या. मांडववाला माप घेऊन गेला. अण्णांनी आईला इस्त्रीचे कपडे पिशवीत भरायला सांगितले. विट्यासाठी.

लग्न दोन दिवसांवर आलं असताना पुढचा लेख सांगायला ते बसले तेव्हा मी लॅपटॉप उघडला नाही.

"अण्णा, पिंपळावर कर्णा बापूकाकांनीच बांधला होता ना?"

"व्हय."

"आणि ॲम्प्लिफायर मिरजेचा."

"मिरजेचाच. बिल हाय माझ्याकडं."

"मग उलटं का लिहायला लावता?"

अण्णांनी भिंतीकडं बघितलं. मग, मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं इतक्या खालच्या आवाजात म्हणाले, "चूक दिसल्याबिगर त्यो बोलत न्हाई. लहानपणापास्नं. आई जेवाय वाढायची तवा गप खायचा. भाजीत मीठ नसलं तरच तोंड उघडायचा. मी म्हटलं, एवढ्या चुका केल्यावर एकादी तरी सहन व्हायची न्हाई त्याला."

एवढे दिवस मी जगाला आवाहन करत हिंडत होतो. आणि ते आवाहन एका माणसाला होतं, जो भिंतीच्या पलीकडं, आमच्यापासून दोन हातांवर बसलेला होता.

"मग आता मोठी चूक करा," मी म्हणालो.

"तीच सांगाय बसलोय. लिही."

तो लेख त्यांनी हळू सांगितला. इतका हळू की मला दोनदा विचारावं लागलं. भिंतीला काही ऐकू गेलं नसणार. लेख छोटा होता. मी आजही तो तोंडपाठ म्हणू शकतो. 'कुस्त्यांच्या फडात एकदा माईक चालू राहिला आणि मी खाजगीत जे बोललो ते सगळ्या गावाने ऐकले. मला विचारले होते, की धंदा कोणाचा. मी म्हणालो होतो, की बापू आहे म्हणून सर्व्हिस आहे, बापू नसेल तर आपले काहीही वाजणार नाही. ज्यांनी वेगळे ऐकले असेल, त्यांच्या बाजूच्या कर्ण्यात बिघाड असावा. वाचकांनी प्रतिक्रिया द्यावी. चूक असल्यास कळवावे.'

मी तो प्रसिद्ध केला. अण्णा उठून परसात गेले आणि बराच वेळ विनाकारण अबोलीला पाणी घालत राहिले.

पहिली प्रतिक्रिया दुपारीच आली. बापूकाकांची नव्हती. मी गावभर हिंडून जे वाचक तयार केले होते, त्यातल्या एकाला अखेर प्रतिक्रिया द्यायची कशी ते समजलं होतं. 'कुस्तीशौकीन' या नावानं त्यानं लिहिलं होतं : 'अण्णा, मी त्या दिवशी पहिल्या रांगेत होतो. तुम्ही असं बोलला नाही. तुम्ही वेगळंच बोलला होता. खोटं लिहू नये.' खाली मंडळाच्या पोरांनी त्याला अनुमोदन दिलं होतं, आणि सवयीनं वाढदिवसाच्या शुभेच्छाही.

मी ते पुसायला निघालो तर अण्णांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. त्यानं बरोबर लिवलंय."

त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि आईला विचारलं, विट्याची गाडी किती वाजता असते.

भिंतीपलीकडं काय झालं ते मला राजश्रीकडून कळलं. तिनं लेख वडिलांना वाचून दाखवला. ते काहीच बोलले नाहीत. तिनं परत वाचला. तरी नाही. मग तिनं कुस्तीशौकीनची प्रतिक्रिया वाचली, तर बापूकाका ताडकन उभे राहिले.

"हा कोण?"

"माहीत न्हाई, बाबा. कुणीतरी फडात होता."

"माझ्या भावाला खोटं पाडणारा हा कोण? त्याला कर्ण्यातलं काय कळतंय?" आणि मग, "लाव ते यंत्र."

राजश्रीच्या मैत्रिणीचा लॅपटॉप आणला गेला. खातं उघडताना फोटो मागितला, तर बापूकाकांनी सेवापुस्तकासाठी काढलेला दिला. मग ब्लॉगनं वेडीवाकडी अक्षरं दाखवून, आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करा, असं सांगितलं. बापूकाकांना हे लागलं. इतकी वर्षं नोकरी केली, कुणी असं विचारलं नव्हतं, म्हणाले. पण टोपी सारखी करून त्यांनी ते सिद्ध केलं. मजकूर राजश्रीला सांगितला नाही. एका बोटानं स्वतः टाइप केला.

आमच्याकडं अण्णा पायात चपला घालत होते. पिशवी दाराशी होती. मी सहज म्हणून पान परत उघडलं आणि म्हणालो, "अण्णा, थांबा जरा. जवळपासचं कुणीतरी आहे."

ते उभ्या उभ्या ऐकत राहिले. एक चप्पल पायात, एक हातात.

'प्रति, ब्लॉगचालक, कर्णा. विषय : आपल्या ब्लॉगवरील चुकांबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, पहिला ॲम्प्लिफायर मिरजेस घेतला असून त्या वेळी आपणास गाडीत उलटी झाली होती, हा तपशील आपण वगळलेला आहे. पिंपळावर कर्णा मी बांधला. आपण शिडी धरली होती व तीही नीट धरलेली नव्हती. मला उंचीची भीती नाही, कुत्र्यांची आहे. कुस्त्यांच्या फडाबाबत खुलासा करण्यात येतो की, त्या दिवशी टोकाच्या खांबावरील कर्णा नादुरुस्त होता. तो मी स्वतः बांधलेला असल्याने मला खात्रीपूर्वक माहीत आहे. सबब आपला त्या दिवसाबाबतचा मजकूर बरोबर असून श्री. कुस्तीशौकीन यांचा आक्षेप निकाली काढण्यात येत आहे. चि. सौ. कां. राजश्री हिच्या विवाहाचे आपणास निमंत्रण देण्यात आलेले नाही, कारण घरच्या माणसास निमंत्रण देण्याची पद्धत नाही. तरी यापुढे सदर ब्लॉगवर आपणाकडून कोणतीही चूक होऊ नये, याची कृपया दक्षता घ्यावी, ही नम्र विनंती.'